निळं राहिलेलं दूध

मला पेनिसिलिन चालत नाही. लहानपणी एका इंजेक्शननं मी मरता मरता वाचले होते, असं आई सांगायची. तेव्हापासून डॉक्टरनं पेन उचलायच्या आत मी ते सांगून टाकते. पर्समध्ये चिठ्ठी आहे, मोबाईलवर आहे, नवऱ्याला तर पाठच आहे. गंमत अशी की पोट भरतं ते याच औषधांबद्दल शिकवून. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात इतकी वर्षं काढल्यावर एक प्रकारचा माज येतो. जंतू कुठे असतात आणि कशानं मरतात हे आपल्याला ठाऊक, मग आपल्याला काय होणार?

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला दुधाचं प्रात्यक्षिक असतं. मुलांनी घरचं किंवा गोठ्यावरचं दूध आणायचं, पिशवीचं चालत नाही. दुधात निळं रसायन घालून नळ्या कोमट पाण्यात ठेवायच्या. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो आणि दूध पांढरं होतं. ज्याची नळी सगळ्यात जास्त वेळ निळी राहील त्याचं दूध पहिलं. आणि पहिल्या आलेल्या दुधाचा चहा स्टाफरूममध्ये करायचा, ही आमच्या विभागाची जुनी चाल. कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण मुलांना त्याचा पत्ता नसायचा. चहा आमच्यापुरता.

त्या दिवशी दुपार होईपर्यंत एकेक करून सगळ्या नळ्या पांढऱ्या पडल्या. एक तेवढी निळीशार राहिली. वणीकडच्या एका गावाहून रोज एसटीनं येणाऱ्या मुलीची होती ती. असं मी कधी पाहिलं नव्हतं. विभागप्रमुखांना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी नळी उजेडात धरली आणि गोठा कसा ठेवावा ते या मुलीच्या घरी जाऊन बघा, असं वर्गाला सुनावलं. मुलगी लाजली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग तिची बसची वेळ झाली आणि ती गेली.

फ्रीजमध्ये तिचं उरलेलं दूध होतं. आम्ही ते चांगलं खळखळून उकळलं, आलं ठेचून घातलं. विभागप्रमुख सरांना साखर चालत नाही म्हणून त्यांचा कप वेगळा. दाट, गोड, सुरेख चहा होता. मी दुसरा कपही घेतला, कारण माझा स्वभावच तसा हावरट आहे.

आधी तळहात खाजू लागले. मग ओठ. वॉशबेसिनच्या आरशात पाहिलं तर तिथे कुणी भलतीच बाई उभी होती, डोळे मिटत आलेली, ओठ वडापावसारखे फुगलेली. मी हबकले. हे काय आहे ते मला एका क्षणात कळलं, आणि ते असूच शकत नाही हेही त्याच क्षणी पटलेलं होतं. मी साधी क्रोसिनसुद्धा घेतली नव्हती. सरांनी मला गाडीत घातलं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला श्वास शिट्टीसारखा वाजू लागला तेव्हा मला भीती वाटली, खरीखुरी. इंदिरानगरच्या घरी गॅसवर कुकर चढवायचा राहिलाय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

इंजेक्शन झालं, ऑक्सिजन लावला. श्वास जरा मोकळा झाल्यावर डॉक्टर विचारू लागले, काय खाल्लं, कुठलं औषध घेतलं. मी मान हलवत राहिले. चहा प्यायलेय फक्त, असं खुणेनं सांगितलं. आणि सांगता सांगता ती निळी नळी डोळ्यांसमोर आली.

दुधात पेनिसिलिनसारख्या औषधाचा अंश असेल तर जंतू वाढत नाहीत, रंगही उडत नाही. पुढच्याच तासाला मी हे दरवर्षी उतरवून देते. उकळल्यानं जंतू मरतात, पण ते औषध सगळं जात नाही, हेही देते. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे पदव्या घेऊन बसलो होतो, आणि निळा रंग म्हणजे स्वच्छ दूध, उकळलं म्हणजे निर्धास्त, यापलीकडे एकाचंही डोकं चाललं नव्हतं. मला त्या औषधाची भीती, आणि मी दोन कप मागून प्यायले होते.

सरांनी मुलीला फोन केला असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईला घेऊन दवाखान्यात आली. मुलीचे डोळे रडून लाल. आई मात्र पदर सावरून कॉटजवळ उभी राहिली आणि सरळ बोलली.

“गाईला दगडी झाली व्हती मॅडम, कास सुजून टणक. डॉक्टरनं सडात औषध सोडलं. बोलला, चार-सहा दिवस हे दूध कुणाला द्यायचं नाय. आम्ही डेअरीला नाय घातलं, घरात नाय वापरलं. वासरालाबी नाय पाजलं.”

मग कॉलेजला कसं दिलं, असं मी घोगऱ्या आवाजात विचारलं. तिनं मुलीकडे पाहिलं.

“ही बोलली, तिथं नळीत घालून बघायचंय. तिथं खायला-प्यायला बंदी हाय, दारावर पाटी हाय, मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. मग म्हटलं चांगलं दूध कशाला वाया घालवू, ह्येच दिलं.” माझ्या सुजलेल्या तोंडाकडे ती विश्वासच बसत नसल्यासारखी बघत राहिली. “तुम्ही ते पिलं कसं काय, मॅडम?”

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. तिला खरोखर धक्का बसला होता, माझ्याइतकाच.

दारावरची ती पाटी माझ्या अक्षरातली आहे. मी गळ्याकडे बोट दाखवलं, बोलवत नाही अशी खूण केली आणि डोळे मिटून घेतले. खरं तर तोवर मला चांगलं बोलता येत होतं.