आईचं लायसन

अप्पांच्या लायसनची मुदत संपत आली, तेव्हा मीच त्यांना सांगितलं की आता आरटीओच्या रांगेत उभं राहायला नको, नूतनीकरण घरबसल्या होतं. फक्त डॉक्टरांचा दाखला लागतो. माझं सासर कोल्हापुरातच, मंगळवार पेठेतल्या माहेरापासून दहा मिनिटांवर. म्हणून एका संध्याकाळी मोबाइलवर त्यांची सगळी माहिती भरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी दाखला दिला नाही. अप्पांना काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसत होतं, पण डाव्या बाजूचं दिसणं बरंच गेलं होतं, आणि गेलं कधी ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. "मला दिसतंय की," असं ते डॉक्टरांना दोनदा म्हणाले. घरी येऊन त्यांनी गाडीवर कव्हर घातलं आणि किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली.

आजऱ्याजवळ आमचं थोडं शेत आणि काजूची बाग आहे. दूध संघातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी अप्पा गाडी काढायचे आणि आई डबा घेऊन शेजारी बसायची. ते जाणं थांबलं. मी नेईन म्हटलं, पण आई म्हणाली, "तुझा संसार सोडून तू किती रविवार येणार?" आणि मग भाजी निवडता निवडता, आवाज जराही न चढवता, तिनं सांगितलं की ती स्वतःच गाडी शिकणार आहे.

आईनं तोवर सायकलसुद्धा चालवली नव्हती. अप्पा उठून गाडीचं कव्हर नीट करायला गेले. मला वाटलं, त्यांना ते आवडलं नाही.

शिकाऊ लायसनची परीक्षाही घरूनच देता येते. आधी रस्त्याच्या नियमांचा व्हिडिओ बघायचा, मग कॅमेऱ्यासमोर बसून प्रश्न सोडवायचे. आईनं महिनाभर अभ्यास केला. परीक्षेच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून खिडकीजवळ माझ्या लॅपटॉपसमोर बसली. मी अप्पांना बजावलं होतं की कॅमेऱ्यात फक्त आईचाच चेहरा दिसला पाहिजे. ते दारात उभे राहिले.

निम्मे प्रश्न छान गेले. मग अरुंद पुलाचा प्रश्न आला: समोरून गाडी पुलावर चढली असेल तर काय करायचं? आई विचारात पडली. सेकंद सरत होते. अप्पा एक पाऊल पुढं आले, मग आणखी एक, आणि तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "थांबायचं असतंय. थांब म्हण."

पडद्यावर दुसरा चेहरा दिसला आणि परीक्षा बंद पडली.

आई रागावली नाही. लॅपटॉपकडे बघतच म्हणाली, "मला येत हुतं."

अप्पांनी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हातानं तिघांचा चहा केला. हे आमच्या घरात मी पहिल्यांदाच पाहिलं. चहा फार गोड झाला होता. आम्ही तो तसाच प्यायलो.

पुन्हा परीक्षा होती त्या दिवशी मी काही सांगायच्या आत त्यांनी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसले. आई पास झाली. तिनं स्वतः फोन करून त्यांना बोलावलं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "त्या पुलाचं आलतं काय?"

"न्हाय. दुसरंच आलतं."

"मग बरं जमलं."

पुढचे काही महिने आई ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकली. पक्क्या लायसनसाठी मात्र आरटीओच्या ट्रॅकवर गाडी चालवून दाखवावी लागते, ते काही घरबसल्या होत नाही. तिथं चढावर तिची गाडी एकदा बंद पडली. तिनं ती शांतपणे पुन्हा सुरू केली आणि पुढं नेली. साहेबांनी पास म्हणून मान डोलावली. लायसन पोस्टानं घरी आलं, ते अप्पांनीच सही करून घेतलं.

पहिल्यांदा आजऱ्याला निघालो तेव्हा मी मागं बसले होते. अप्पा आईच्या शेजारी, आयुष्यात पहिल्यांदा डाव्या बाजूला. कागलपर्यंत त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. ट्रक जवळून गेला की ते तोंड उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. निपाणीला हायवे सोडून आम्ही उत्तूरच्या रस्त्याला लागलो, तेव्हा ते मला गप्प गप्पच वाटले. वाकून पाहिलं तर मान एका बाजूला टाकून झोपले होते. इतक्या वर्षांत मी अप्पांना गाडीत झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. आईनं वेग जरा कमी केला.

बागेच्या वाटेवर गाडी थांबली तेव्हा ते जागे झाले. आई म्हणाली, झोप झाली वाटतं. अप्पा म्हणाले, "न्हाय, नुसतं डोळं मिटलं हुतं," आणि उतरून काजूला मोहर किती आलाय ते बघायला गेले.