दादाच्या व्हॅनचं छत

व्हॅनची काच कोणी उघडी ठेवली?

दादा गेला त्या दिवशी हे मी अमरावतीच्या दवाखान्यातल्या वॉचमनला विचारलं, नर्सला विचारलं, वहिनीलाही विचारलं. वॉचमन दुसरीकडे पाहू लागला. नर्स म्हणाली, बसा. माणूस गेला आणि हा काचेचं काय विचारतो, असं त्यांना वाटलं असेल. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अकोल्यात आमचं दुकान आहे. गाड्यांच्या सीट शिवायच्या, गाडी आतून साफ करायची. दादा, रज्जाकचाचा आणि मी, एवढेच तिघं. शाळा मी आठवीत सोडली आणि सरळ इथंच आलो. जुनी गाडी आतून उघडली की मळासोबत मालकाच्या घरातलंही काही ना काही बाहेर येतं. असे किस्से इतके साचले की चहा संपायचा, किस्सा संपायचा नाही. सांगायचं काम दादाचं होतं. आता मीच सांगतो.

०००

तेल्हाऱ्याचे एक रिटायर गुरुजी होते. त्यांच्या कारच्या छताच्या कापडाला बुरशी लागली. पुतण्यानं पाइप लावून छत आतून धुऊन दिलं. हे कापड पातळ फोमवर असतं आणि फोम वरच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला असतो. पाण्यानं गोंद सुटला आणि सगळं कापड खाली आलं.

गुरुजी दुकानासमोर उतरले तेव्हा मागच्या सीटवर त्यांच्या घरच्या बाई उघडी छत्री घेऊन बसलेल्या. तेल्हाऱ्यापासून अकोल्यापर्यंत त्यांनी छत्रीनंच कापड वर धरलं होतं.

दादानं आत डोकावून हात जोडले. "गुरुजी, मांडव झकास टाकला. लग्न कोनाचं हाय?"

छत्रीखालून बाई बोलल्या, "यायचंच, गुरुजीचं. मी आता माहेरी चालली."

ते गेल्यावर दादानं मला शिकवलं. पाणी छताले नाई मारायचं, फडक्याले मारायचं. छताले फक्त फेस दाखवायचा.

०००

सेमाडोहहून एक हॉटेलवाला आला. त्याच्या जुन्या जीपमध्ये कसला तरी आंबूस-गोड वास यायचा आणि तो कपड्यांत बसायचा. बायको वर्षभर म्हणत होती की तू पिऊन येतो. त्यानं देवाची शपथ घेतली, पोराची घेतली. ती ऐकायलाच तयार नव्हती.

दादा काच बंद करून पाच मिनिटं त्या जीपमध्ये बसला. वास ओळखायची त्याची ही पद्धत. मग कापडाची मागची कड सोडली, तर वरून मोहाची फुलं पडायला लागली. ओलसर, काळी पडलेली, दोन पायली तरी असतील. उंदरानं वर कोठार केलं होतं.

हॉटेलवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं सगळी फुलं पिशवीत भरली, बायकोला दाखवायला. दुसऱ्या दिवशी दादानं फोन करून विचारलं, मानलं का वहिनीनं?

"मानलं," तो म्हणाला. "आता विचारते, उंदराच्या संगतीत कवापासून हाय?"

०००

हा किस्सा माझा. तिवशाच्या एका गिऱ्हाइकाला छताच्या कोपऱ्यात बोटभर डाग दिसला. तो दादाला म्हणाला, तुमाले काम येत नाई. मी पुढं झालो आणि अख्खं कापड एका झटक्यात ओढून खाली घेतलं. म्हणालो, घ्या, आता डाग नाई.

दिवसभर खपून दादानं नवं कापड बसवलं, गिऱ्हाइकाची माफी मागितली. गाडी गेल्यावर हात धुताना म्हणाला, "भूषण, राग आला का हात खिशात टाकत जाय."

०००

त्या दिवशी दादा फोम आणायला अमरावतीला गेला होता. रस्त्यात छातीत कळ आली. स्वतःच गाडी चालवत तो दवाखान्यापर्यंत गेला. तिथून परत आला नाही.

व्हॅन दवाखान्याच्या आवारात आठ दिवस पावसात उभी होती, ड्रायव्हरकडची काच अर्धी खाली. मीही ती वर केली नव्हती. मी ती अकोल्याला आणून दुकानामागं लावली. चाचांनी आणि मी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि चारी बाजूंनी घट्ट बांधली.

ओली गाडी झाकू नका, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. चाचा तर त्यावरून लोकांना रागावतात. त्या दिवशी दोघांच्याही डोक्यात आलं नाही. खरं म्हणजे ती गाडी आम्हाला नजरेसमोर नको होती.

०००

तीन महिन्यांनी वहिनी दुकानात आली, सोबत सहा वर्षांची ओवी. वहिनी लहान मुलींचे फ्रॉक शिवून आठवडी बाजारात विकते. दादा तिला व्हॅननं न्यायचा. मैदानात नेऊन गाडीही त्यानंच शिकवली होती. ती म्हणाली, आता मीच चालवीन. तेल्हाऱ्याचा बाजार सोडून घर चालायचं नाही, आणि ओवीला घरी ठेवायला कोणी नाही.

ताडपत्री काढून दार उघडलं. वासानं चाचा मागं सरले. छताचं कापड काळं-हिरवं झालेलं. ओवीला पावसाळ्यात दम लागतो, ती लगेच खोकायला लागली. वहिनीनं तिला ओढून दूर नेलं.

"भाऊजी, याच्यात पोरीले कशी बसवू?"

सगळ्यात दाट बुरशी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या छताला होती. दादा उंच, त्याचं डोकं छताला टेकायचं. बारा वर्षं लागत आलेल्या केसांच्या तेलानं तिथं ताटलीएवढा गोल डाग पडला होता. बुरशीला वाढायला तेलकट मळ लागतो. ती तिथूनच पसरली होती.

चाचा हळूच म्हणाले, पुरा कपडा काढून टाकू, नवा बसवू, एका दिवसाचं काम आहे. मी नाही म्हणालो, दादाचं डोकं टेकलेलं ते कापड मला फेकायचं नव्हतं. मग म्हणाले, तेवढा गोल सोडून बाकी साफ कर. तेही होण्यासारखं नव्हतं. गोल ठेवला असता तर बुरशी पुन्हा आली असती आणि ओवीच्या छातीत गेली असती.

मी कडक ब्रश घेतला आणि घासायला लागलो. कोणावर राग होता कोण जाणे. कापडाचे धागे निघायला लागले. चाचांनी माझं मनगट धरलं.

"खिशात टाक," ते म्हणाले.

मी हात खिशात टाकले.

मग तोंडाला रुमाल बांधून दादाच्या पद्धतीनं सुरू केलं. आधी कोरडी बुरशी व्हॅक्यूम मशीननं ओढून घेतली. मग व्हिनेगर आणि पाणी फडक्यावर घेऊन टिपलं. मग नुसता फेस, एकाच दिशेनं, आणि लगेच कोरडं फडकं. दारं उघडी, पंखा चालू. दोन दिवस लागले. गोल मी शेवटी ठेवला.

तिथली बुरशी निघाली आणि खालून आवळ्याच्या तेलाचा वास आला. दादाच्या डोक्याचा. चाचा बाहेर जाऊन उभे राहिले. मी फडकं बादलीत पिळलं. पाणी तपकिरी झालं. पुन्हा टिपलं, पुन्हा पिळलं. शेवटी नुसता कापडाचाच वास उरला.

०००

बाजाराच्या आदल्या दिवशी दोघी गाडी न्यायला आल्या. ओवी आत चढली, इकडून तिकडं सरकली, मागं लोळली. वहिनी तिच्या छातीकडंच पाहत होती. ओवी खोकली नाही.

मग वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि तिनं वर पाहिलं. स्वच्छ कापडाला बोट लावून विचारलं, इथंच टेकायचं ना डोकं? मी मान हलवली.

"बरं केलं," ती म्हणाली. "नाई तर माहं रस्त्याकडं लक्षच राह्यलं नसतं."

तिनं किल्ली फिरवली. पाय क्लचपर्यंत पोचेना. ती सीटच्या अगदी कडेला आली, तरी अंगठाच टेकला. सीट दादानं बसवली तिथंच होती, शेवटच्या खाचेवर. बारा वर्षांत कोणी हलवली नव्हती; शिकतानाही वहिनी पाठीला उशी लावून बसायची.

"राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाली. "मी अशीच बसीन."

मी तिला खाली उतरवलं. दाराजवळ गुडघ्यावर बसून रुळात तेल सोडलं. दांडी ओढली, ती गंजली होती. दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढून खांदा लावला, आणि सीट कुरकुरत पुढं सरकली.

एक खाच. दोन. तीन.

"आता बसा," मी म्हणालो.