जेबेझच्या नावाची घंटा

नवरा गेला तेव्हा थॉर्नबीच्या चर्चच्या घंटेचा दोर केझायाच्या हाती आला, आणि मनोऱ्याखालची खोलीही. कुणी गेलं की पुरुषासाठी तीन-तीन करून नऊ टोले, बाईसाठी सहा, मग वयाचे. शेतातली माणसं टोले मोजूनच कोण गेलं ते ओळखत. पहिल्या टोल्याला गावातल्या प्रत्येक पुरुषाची हॅट डोक्यावरून उतरे. लहान-मोठा असा भेद नव्हता.

तिचा एकुलता एक जेबेझ. अठराव्या वर्षी त्याने लॉर्ड हॅवरस्कोमच्या रानात सशासाठी फास लावला. न्यायाला बसले खुद्द लॉर्डसाहेब, पार्लमेंटचे सभासद. सात वर्षं काळं पाणी. वर्षभराने पत्र आलं: शिक्षेच्या बेटावर, दगडखाणीत काम करताना वारला.

केझाया दोराकडे निघाली तर पाद्री आडवे आले. "लॉर्डसाहेबांची मनाई आहे. कैद्यासाठी घंटा नाही."

ती मागे फिरली. अकरा वर्षं सगळ्यांसाठी वाजवत राहिली.

लॉर्डसाहेब निवडणूक हरले आणि त्याच बेटाचे गव्हर्नर झाले. मे महिन्यातला मंगळवार. निरोपाला सारा गाव चर्चच्या फाटकाशी जमला.

"केझायाबाई, आनंदाची घंटा हं! सलग, जोरात," पाद्री म्हणाले.

"वाजवते की. सगळ्यांना ऐकू जाईल अशी."

तीन टोले. मग शांतता. टोबायस लोहाराने हॅट काढली. लॉर्डसाहेबांचाही हात सवयीने वर गेला. पिसांची नवी हॅट खाली आली. पुन्हा तीन. पुन्हा तीन.

"कोण गेलं रे?" लॉर्डसाहेबांनी टोबायसला विचारलं.

"मोजतोय, साहेब."

मग वयाचे टोले; एकोणिसाला घंटा थांबली. टोबायसने मनोऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

केझाया हात पुसत बाहेर आली. "माझा जेबेझ, साहेब. जरा उशीर झाला, अकरा वर्षं. आपण हॅट काढलीत, बरं वाटलं. खाणीपाशी गेलात तर सांगा त्याला."

लॉर्डसाहेबांनी हॅट डोक्यावर दाबली. "हिला आजच्या आज खोलीतून काढा!"

"काढा की. पण त्याच्यासाठी हॅट निघाली ती निघालीच."

संध्याकाळी ती गाठोडं घेऊन टोबायसच्या पडवीत राहायला आली. तिथेच नऊ वर्षं जगली. भाता चालू असला की मधेच विचारायची, "टोबायस, साहेबांनी हॅट कुठल्या हाताने काढली होती रे?"

"डाव्या, काकू."

"नीट आठव."

"डाव्याच. आणि केस विरळ झाले होते."

मग ती समाधानाने विणकाम पुढे घ्यायची.