बाबांच्या टेबलाचा गुंता

माझ्या आत्याला "सांगता येत नाही" हे उत्तर शिवीसारखं लागायचं. कुठल्याही कामाला किती वेळ लागेल हे ती नुसतं बघून सांगायची आणि बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं. पंख्यांच्या कारखान्यात तिने सगळी नोकरी याच कामात घालवली. माणूस कशासाठी वाकतो, स्क्रू उचलायला त्याचा हात कुठून कुठे जातो ते बघायचं आणि त्यातलं फुकटचं काढून टाकायचं. कामगार तिला टिकटिकबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

निवृत्त झाल्यावर तिला कारखान्याची खोली सोडावी लागली. लग्न तिने केलं नव्हतं. बाबा तिला म्हणाले, "इकडेच ये राहायला."

"मी बिनकामाची कुठे राहत नाही, दादा," आत्या म्हणाली. निवृत्त लोकांच्या एका वसतिगृहात तिने खोली ठरवूनही ठेवली होती.

बाबांनी डोकं खाजवलं. "बरं, मग आपल्या दुकानाचं बघ. कपडे वेळेवर जात नाहीत. लोक ओरडतात."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. आमची लाँड्री स्वच्छतेसाठी प्रसिद्ध आणि उशिरासाठी कुप्रसिद्ध होती. एका गृहस्थांना स्वतःच्या लग्नात घालायचा कोट लग्न लागल्यानंतर मिळाला होता आणि त्यांची बायको अजून आमच्या दुकानावरून जाताना मान फिरवायची.

"ठीक आहे," आत्या म्हणाली. "दुकान रुळावर येईपर्यंत राहते. आलं की मी चालले. नंतर आग्रह नको."

एक बॅग आणि एक उंच स्टूल घेऊन ती आली. पहिल्याच सकाळी स्टूल स्वयंपाकघरात ठेवून सहज बसली, तर आईच्या अंगात वारं संचारलं. कांदा असा चिरायला लागली की जणू मागे कोणी लागलंय. एका हाताने डबा उघडला, दुसऱ्याने पुसला, कोपराने दार ढकललं.

"वहिनी, मी बघतेय म्हणून धावू नका," आत्या म्हणाली. "माझ्यासमोर माणसं एकतर धावतात नाहीतर रांगतात. खरं काम मी पाठ फिरवल्यावर सुरू होतं."

"मी रोज अशीच चिरते, वन्सं," आई म्हणाली आणि तेवढ्यात बोट कापून घेतलं.

दुकानात म्हणूनच आत्याने पाठ फिरवली. स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलं, हातात शब्दकोडं घेतलं आणि समोरच्या खिळ्याला दाढीचा छोटा आरसा टांगला. मला वाटलं, ही उंटावरून शेळ्या हाकणार. इस्त्रीवाले काका मला हळूच म्हणाले, "बाईंचं तोंड तिकडे आहे, मग माझ्या पाठीत का टोचतंय?" दोन दिवस सगळे सावरून वागले, मग कंटाळले आणि जसे होते तसे झाले. आत्या त्याचीच वाट बघत होती. ते शब्दकोडं तिने शेवटपर्यंत सोडवलं नाही.

मग तिने एका पुठ्ठ्यावर दुकानाचा नकाशा काढला. इथे धुलाई, इथे दोरी, इथे इस्त्री, इथे काउंटर. प्रत्येक ठिकाणी एक टाचणी. "शर्ट जिथे जिथे जातो तिथे तिथे लोकर न्यायची," ती मला म्हणाली. लोकर कुठून आणायची? आई कित्येक हिवाळे बाबांसाठी एक लाल स्वेटर विणत होती. त्याची एक बाही आत्याने बिनदिक्कत उसवली. आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आत्या म्हणाली, "वहिनी, हा स्वेटर होईपर्यंत दादा त्यात मावणार नाही," आणि आईलाच हसू आलं.

संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्यावर लाल जाळं झालं. बाकी सगळीकडे एकेक धागा, आणि मधोमध एका टाचणीवर मोठ्ठा गुंता. ते बाबांचं टेबल होतं. दुकानाच्या मध्यावर मांडलेलं. इस्त्री झालेला प्रत्येक कपडा तिथे यायचा, बाबा त्याची कॉलर, बटणं, शिवण स्वतः तपासायचे, काही खटकलं तर परत मागे पाठवायचे, आणि मगच तो पुढे जायचा.

मला वाटलं, आता बहीण-भावाचं वाजणार. पण आत्या बाबांना गुंता दाखवायलाच गेली नाही. साळसूदपणे म्हणाली, "दादा, तुझा हा निळा शर्ट आज आपल्याकडेच धुवायला टाकू. तू फक्त त्याच्याबरोबर फिर. तो जिथे थांबेल तिथे तूही थांब. तुझं नेहमीचं काम आलं तर तेवढं कर आणि परत शर्टापाशी ये."

बाबा फिरले. धुलाईशी थांबले, दोरीशी थांबले, इस्त्री झाली. शर्ट टेबलावर आला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि बाबा काउंटरवर जाऊन त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करू लागले. गुडघ्यावरून विषय त्याच्या जावयावर गेला. मग दुसरं गिऱ्हाईक आलं. बाबा परत शर्टापाशी येऊन उभे राहिले. इकडे तिकडे बघितलं.

"आता कोणाची वाट बघतोस?" आरशात बघत आत्याने विचारलं.

"तपासणाऱ्याची," बाबा म्हणाले. मग त्यांना कळलं. कान लाल झाले. इस्त्रीवाल्या काकांनी हसू आवरायला इस्त्रीवर पाण्याचा हबका मारला.

दुसऱ्या दिवशी ते टेबल काउंटरला चिकटलं. गिऱ्हाईक कपडे देतानाच बाबा कॉलर आणि बटणं बघणार, तेही गुडघ्यांची चौकशी करता करता. इस्त्रीनंतरचं बघणं काकांकडे. बसायला बाबांना गोल फिरणारी खुर्ची मिळाली. सुरुवातीला कुरकुरले, मग त्या खुर्चीचं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायला लागले. "बसल्या जागी सगळं होतं हो," म्हणत एकदा पूर्ण गिरकी घेऊन दाखवली.

कपडे वेळेवर जाऊ लागले. मग वेळेच्या आधी. कोटवाल्या गृहस्थांची बायको आत येऊन पडदे देऊन गेली.

आणि मी दिवस मोजू लागले. आत्या होती म्हणून घरात गंमत होती. सकाळी ती आणि आई भांडायच्या, दुपारी एकमेकींचे केस विंचरायच्या. बाबा जेवताना दुकानाशिवाय दुसरं काही बोलू लागले होते, लहानपणी दोघांनी मिळून शिक्षकांच्या सायकलची हवा कशी सोडली वगैरे. आणि दुकान जेवढं नीट चालेल तेवढी ती लवकर जाणार. आम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होतो.

आईने आणि मी मग उलटा कारभार सुरू केला. मी हँगरची उलटापालट केली. आईने धुलाईच्या साबणाचा डबा माळ्यावर लपवला. आत्या चहा पिऊन आली, हँगर बघितले, माळ्याकडे बघितलं.

"खरा बिघाड गैरसोयीच्या वेळी होतो," ती म्हणाली. "हे दोन्ही माझ्या चहाची वेळ बघून झालेत. आयुष्यभर लबाड कामगार बघितले, तुम्ही त्यात अगदीच कच्च्या."

आम्ही बाबांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा तिला राहायला. बाबा म्हणाले, "तिची मर्जी. आग्रह करायचा नाही असं ठरलंय." मला त्यांचा फार राग आला.

आत्याने जायला ठरवलेल्या सकाळी बाबा आमच्या आधीच दुकानात गेले होते. आत्या बॅग घेऊन निरोप घ्यायला दुकानात आली, मागून मी आणि डोळे पुसत आई. आणि आत्या दारातच थांबली.

टेबल परत दुकानाच्या मधोमध आलं होतं. त्यावर कपड्यांचा ढीग. इस्त्रीवाले काका हात बांधून छताकडे बघत उभे. गोल खुर्ची कोपऱ्यात, उलटी. आणि बाबा एका शर्टाचं एकच बटण चष्मा लावून, चष्मा काढून, परत लावून बघत होते. काउंटरवर तीन माणसं ताटकळत होती. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक डाग लपवला नाही, तो माझा बाप भरदिवसा सगळ्यांसमोर खोटं काम करत होता.

"दादा, हे काय?"

"जमत नाही मला तुझी नवी पद्धत," बाबा मान वर न करता म्हणाले. "जुनी सवय आहे. मोडत नाही."

आत्या त्यांच्या हातांकडे बघत राहिली. तिला ते कळलं नसेल असं मी कसं म्हणू? हँगर उलटे केलेले ज्या बाईला लांबून कळतात! तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवतही नव्हती. बॅग तिने माझ्या हातात दिली.

"ही घरी नेऊन ठेव," ती म्हणाली. मग बाबांकडे वळली. "केस अवघड आहे, दादा. सुधारायला वेळ लागेल."

"किती?" बाबांनी विचारलं.

आत्याने खिळ्यावरचा आरसा काढून पदराने पुसला, परत टांगला आणि स्टूल ओढून बसली.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.