पडद्याखालची फट

मावशींना कशाचीच किळस येत नसे. इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झाली. नर्स म्हणून नव्हे, मावशी म्हणूनच. बेडपॅन उचलायची, चादरी बदलायच्या, उलट्या पुसायच्या, ज्याला उठवत नाही त्याला खाटेवरच पुसून काढायचं. हे सगळं त्या तोंडाला फडकं न लावता करायच्या. "फडकं लावलं की त्या माणसाला कळतं, आपला वास येतोय," म्हणायच्या. "येतोच की. पण त्याला कशाला सांगायला जायचं?"

त्या निवृत्त झाल्या आणि त्याच सुमारास त्यांच्या धाकट्या भावाला अर्धांगाचा झटका आला. भाऊ मालट्रक चालवायचा. मोठा नटवा माणूस. बाजूच्या आरशात भांग नीट केल्याशिवाय गाडी सुरू करायचा नाही. आता उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, शब्द एकेक करून ओढून काढावे लागायचे. बायको आधीच गेलेली. मावशी त्याला आपल्याकडे घेऊन आल्या.

फार दिवस पडून राहिल्यामुळे त्याच्या पाठीला, कमरेच्या जरा वर, जखम झाली होती. ती रोज धुवायची, कोरडी करायची आणि तिला सकाळचं ऊन दाखवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाहीतर आत पसरेल, मग काही खरं नाही. न्हाणीघराचा दरवाजा इतका अरुंद की चाकांची खुर्ची आत जाईना. म्हणून मागच्या अंगणात, नळाजवळच्या फरशीवर, कमरेला टॉवेल गुंडाळून त्याची आंघोळ चालायची.

मागचं अंगण आणि शेजाऱ्यांचं अंगण यांच्यामध्ये नुसतं तारेचं कुंपण. पलीकडे साहेब राहायचे. कसले साहेब ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण ते स्वतः फोनवर "साहेब बोलतोय" म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणायचे. त्यांनी आणि त्यांच्या बाईंनी कुंपणाला लागून एक ओटा बांधला, वर पत्रा घातला, वेताच्या खुर्च्या मांडल्या. खुर्च्यांची तोंडं बागेकडे नव्हती. मावशींच्या नळाकडे होती.

चहाही नेमका आंघोळीच्या वेळेला. साहेब बिस्किट चहात बुडवायचे आणि ते तोंडात विरघळेपर्यंत भावाच्या पाठीवरून नजर काढायचे नाहीत. मी मावशींच्या समोरच राहते, हाताखाली मदतीला जायचे; खरं सांगते, त्या आंघोळीत मला कधी घाण दिसली नाही. ते ओलं बिस्किट मात्र बघवायचं नाही.

"आज उशीर झाला वाटतं!" बाई पलीकडून म्हणायच्या. "आमचा चहा संपत आला की."

"साबण बदलून बघा हो मावशी," साहेब म्हणायचे. "वास इथपर्यंत येतो."

"मग आत बसावं, साहेब."

"छे, छे, आम्हाला काही त्रास नाही!"

पाहुणे आले की त्यांनाही ओट्यावर आणायचे. एकदा बाई कुणाला तरी सांगत होत्या, "हेच ते. ट्रक चालवायचे. काय तब्येत होती म्हणे! आता बघा." पाहुण्यांनी मान तिरकी करून बघितलं. भावाने डाव्या हाताने टॉवेल वर ओढला. तेवढाच तो हात चालत होता.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई... उद्या... नको."

मग रोजच 'उद्या नको' सुरू झालं. मावशी खोलीतच ओल्या फडक्याने पुसायच्या, पण पुसून काय होतंय? ऊन नाही, वारा नाही. जखमेच्या कडा पांढऱ्या पडल्या, मग ओलसर झाल्या. डॉक्टर म्हणाले, "बाहेर काढा त्यांना. हट्ट त्यांचा असेल, पण पाठ वाट बघणार नाही."

"पडदा लावते," मावशी म्हणाल्या.

जाड कॅनव्हास आणला. वर-खाली नेफा शिवला, दोन्ही नेफ्यांत पाइप घातले आणि कुंपणाच्या खांबांना तारेने आवळले. पुरुषभर उंचीचा, नळाच्या टोकापासून पार पेरूच्या झाडापर्यंत. मी मशीनवर कापड धरायला गेले होते. उभा केल्यावर बघितलं तर खाली वीतभर मोकळं.

"खाली का सोडलंत?" मी विचारलं.

"पाय दिसायला हवेत ना. पेशंट पडला तर सिस्टरला कळायला..." बोलता बोलताच त्या थांबल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. वॉर्डातले चाकांवरचे पडदे तसेच असतात, खाली मोकळे. "अगं बाई! इथे कुठली आलीय सिस्टर? हात आपले सवयीने चालले."

"पट्टी जोडू या का?"

"राहू दे गं सध्या. जमिनीला कान लावून कोण बघणार आहे?"

संध्याकाळी साहेब कुंपणापाशी आले. "मावशी, ही काय भिंत घातलीत? आमचा वारा अडतो."

"वारा वरून येतो, साहेब."

"नाही, पण लपवायचंय काय एवढं?" पाठीमागून बाई म्हणाल्या. "आम्ही परके आहोत का?"

"परके असतात तर पडदा लागला नसता. परक्यांना कुठे एवढा वेळ असतो?"

बाईंनी नाक मुरडलं आणि त्या आत गेल्या.

तरी भावाला बाहेर काढायला बरीच मनधरणी करावी लागली. शेवटी मावशींनी दाढी करून दिली, भांग पाडून दिला आणि आरसा पुढे धरला. त्यात त्याने आधी स्वतःला नाही बघितलं. आरसा कलवून मागच्या दारातून दिसणारा पडदा नीट बघून घेतला. मग म्हणाला, "चल."

मी पायरीवर बसून त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. ट्रकच्या अपघाताची बातमी आली की तो चालकाची चूक काढायचा. ऊन पाठीवर पडायचं. जखमेच्या कडा हळूहळू गुलाबी व्हायला लागल्या. बघून मला आनंद व्हायचा. जखम बघून आनंद होतो हे मला या वयात कळलं.

एका सकाळी मावशींनी त्याच्या खांद्यावरून पहिला तांब्या ओतला आणि पडद्याखाली काहीतरी हललं. आधी दोन पंजे दिसले. मग हनुवटी. मग गवतावर टेकलेला एक गाल आणि नाकावरून घसरलेला चष्मा. साहेब पालथे पडून आत बघत होते. तोंड किंचित उघडं होतं आणि खालच्या ओठाला बिस्किटाचा चुरा चिकटलेला होता.

"शी!" मावशी म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता.

साहेब हललेसुद्धा नाहीत. "मांजराचं पिल्लू... इकडे आलंय का बघत होतो."

तेवढ्यात ओट्यावरून बाईंचा आवाज आला, "अहो, दिसली का? भरत आली का जखम? की तशीच आहे अजून?"

मला सुरवंट अंगावरून गेल्यासारखं झालं. मावशींनी दुसरा तांब्या भरून वर उचलला. मला वाटलं, आता हे पाणी त्या चष्म्यावर जाणार. गेलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

भाऊ खाली बघत होता. त्या गालाकडे, त्या चष्म्याकडे, सावकाश. त्याचा डावा हात टॉवेलकडे गेला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "उठा. कंबर... धरेल."

साहेब उठायला गेले तर खरंच धरली. "अगं, हात दे! हात दे की!" पडद्याखालून फक्त त्यांचे गुडघे दिसत होते, मग बाईंच्या चपला आल्या, मग बराच वेळ नुसतं कण्हणं आणि एकमेकांवर खेकसणं.

मावशींनी तांब्या बादलीत टाकला. "चल आत. बास झालं आजचं."

"ताई," भाऊ म्हणाला. "पाठ... राहिली."

"अरे, ती माणसं अजून तिथे..."

"असू दे. पाठ राहिली."

त्यांनी पाठ धुतली. नेहमीसारखीच, कडेकडेने, बोटाच्या टोकाने. फक्त ओठ घट्ट मिटलेले होते, उलटी आवरणाऱ्या माणसाचे असतात तसे. दुपारी आम्ही पट्टी जोडली आणि तिच्यावर विटा ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बाई पुढच्या दाराने आल्या, हातात पपईच्या फोडींची बशी. "गैरसमज नको हं, मावशी. काळजीपोटीच बघत होते ते. आणि आता त्यांना उठता येत नाही. तुमच्या हाताला गुण आहे, जरा शेकून द्याल का?"

"ठेवा तिथे कट्ट्यावर," मावशी म्हणाल्या. "गरम पाण्याची पिशवी मिळते दुकानात. तुम्हीच शेका."

त्या गेल्यावर मावशींनी बशी दोन बोटांत धरून उचलली, फोडी कचऱ्यात टाकल्या आणि बशी राख लावून घासली. मग हात घासले, कोपरापर्यंत.

"चांगली... होती... पपई," आतून भाऊ म्हणाला.

"तुला दुसरी आणीन. ही माझ्या घशाखाली उतरली नसती."

"मग... पाणी ठेव. ऊन... चाललंय."