फियाटच्या जुन्या सीटवर

आधीच सांगते, मी भूतबाधा, करणी असलं काही मानणारी बाई नाही. अंगणवाडीत जन्म गेला माझा. कुणाचं पोर किरकिरलं की आया मीठ-मिरच्या ओवाळायला धावतात आणि मी ओरडते – आधी ताप बघा गो, ताप! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण मुलगी म्हणाली, आई, लिहून टाक, मोकळं वाटेल. बघू वाटतं का. सध्या तरी नुसता थकवा आहे.

आम्ही आटगाव स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटर आत राहतो. पुढे पत्र्याची पडवी, मागे भाताचा तुकडा. आमचे हे एका कारखान्यात फिटर होते, ड्युटी कॉम्प्रेसरच्या खोलीत. एक दिवस घरी येऊन म्हणाले, "कानात शिट्टी वाजते गो सारखी. सोडून देतो काम." तेव्हा मुलीच्या नर्सिंगचं पहिलं वर्ष चालू होतं. मी म्हटलं, "तिचं होऊ द्या, दोन वर्षं काढा कशीतरी. कापूस घाला कानात." आणि रोज सकाळी देवाच्या वाती वळताना दोन बोळे जास्तीचे वळून डब्याबरोबर द्यायची. दोन वर्षांनी मुलगी नर्स झाली आणि ह्यांचे दोन्ही कान गेले. कल्याणला दाखवलं, मशीन लावलं, पण त्यात नुसती घरघर. मशीन कपाटात गेलं. काही सांगायचं तर मोबाइलवर टाइप करून दाखवायचं. ह्यांनी मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. तेच जास्त लागायचं.

मग घरी बसून बसून ह्यांनी गाडी आणली. मुरबाडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची फियाट, वर्षानुवर्षं फणसाखाली उभी. आत कोंबड्या अंडी घालायच्या. ट्रॅक्टरला दोर बांधून आणली तेव्हा अख्खा पाडा हसला. मला तर रडूच आलं. पडवीभर पार्ट. माझ्या चांगल्या पातेल्यात पेट्रोल ओतून कार्बोरेटर भिजत घातलेला! पण माणूस सकाळी उठायला लागला, वेळेवर जेवायला लागला, म्हणून गप्प बसले.

पडवीत पाय ठेवायला जागा नाही म्हणून एका दुपारी मी वालाच्या शेंगा घेऊन गाडीतच बसले. पुढची सीट त्या जुन्या पद्धतीची, एकसलग, रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आलेला. हे तिच्याच दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून, डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरी जोडत होते. मी आपली स्वतःशीच पुटपुटले, "या घरात माणसानं बसायचं तरी कुठं?"

"बस ना तितंच. कोण उठवतंय तुला?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तीन वर्षांनी ह्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता उत्तर दिलं होतं!

मुलीला फोन केला. ती म्हणाली, लिप-रीडिंग असेल आई, काचेत दिसत असेल. मग मी टेस्ट घेतली. पदर तोंडावर धरून हळूच म्हटलं, "अवो, आज धसईचा बाजार ना?" हे म्हणाले, "आज कुठला? परवा." गाडीतून उतरून तेच विचारलं – दगड! परत सीटवर बसले – पटकन उत्तर. बरं, बाकी काही ऐकू येत नव्हतं. हॉर्न नाही, पत्र्यावरचा पाऊस नाही, इंजिन नाही. ते तर हाताला लागणाऱ्या थरथरीवर जुळवत होते. फक्त मी. आणि मी त्या सीटवर असेन तरच.

सात-आठ महिने मी रोज दुपारी त्या सीटवर बसले. आणि काय बोलले? गॅस संपत आलाय. तुमच्या बहिणीनं तोंड वाकडं केलं. पत्रा गळतोय. हे वैतागून म्हणायचे, "त्यापेक्षा बहिरा होतो तो बरा होतो." आणि आम्ही दोघं हसायचो. कापसाचं तेवढं बोलायचं राहिलं. 'माझ्यामुळे गेले तुमचे कान, मला माफ करा' – एवढंच म्हणायचं होतं. रोज ओठांपर्यंत यायचं आणि रोज मी गॅसवर घसरायचे. शेवटी मनाशी ठरवलं, गाडी रस्त्यावर येऊ दे, पहिल्या फेरीला बोलायचं.

उन्हाळ्यात राब भाजायची वेळ आली. भाताची रोपं जिथे करायची ती जमीन आम्ही आधी भाजून घेतो – शेण, सुक्या पानांचा पातेरा, गवत, वर माती, आणि आग लावायची. त्या वर्षी पातेरा कमी पडला. मुरबाडहून नवीन सीट बनून आली होती, जुनी गोठ्याला टेकवलेली. आमच्याकडे राबाला काय चालत नाही? स्प्रिंगा भंगाराला काढल्या, काथ्या-कापूस सगळा पसरला आणि काडी लावली. डोक्यात दुसरं काही आलंच नाही हो. सकाळी नऊला पेटवलं, दहापर्यंत राख.

दुसऱ्या दिवशी नव्या सीटवर बसून म्हटलं, चहा ठेवू का? उत्तर नाही. परत म्हटलं. मग ओरडले. हे पान्हा फिरवतच राहिले.

चार दिवसांनी ह्यांनीच विचारलं, "गाडीत बसतेस नि बोलत नायस. काय झालं, रुसलीस?"

मी टाइप केलं – जुनी सीट मी राबात जाळली. ह्यांनी वाचलं. मागे जाऊन काठीनं राख उकरत बराच वेळ उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी पुरी झाली. लिंबू ठेवलं, नारळ फोडला, पहिल्या फेरीला धसईला दिराकडे निघालो. काय सुंदर चालत होती! बाहेरची माणसं थांबून बघत होती आणि मी नव्या रेक्झिनवर बसून घाम पुसत होते. शेवटी मोबाइल काढला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. कापूस, शिट्टी, दोन वर्षं, सगळं. धसईच्या एसटी थांब्याजवळ ह्यांनी गाडी उभी केली तेव्हा फोन पुढे धरला.

हात लांब करून ह्यांनी सावकाश वाचलं. म्हणाले, "हे परत कशाला लिवलंस? बोललीस ना कवाच."

मी मान हलवली. नाही.

"अगो, जुन्या सीटवर. तीन-चारदा बोललीस. रडत बोलत होतीस, म्हणून मी वळून नाय बघितलं. म्हटलं, रडू दे, हलकं होईल." मग दार उघडलं. "चल उतर. भाऊ वाट बघत असंल."

पोटच्या पोरीची शपथ घेऊन सांगते, ते वाक्य माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडलेलं नाही. त्या सीटवर मी कधी रडलेलीसुद्धा नाही. मुलगी आता लिप-रीडिंगचं नावही काढत नाही. मलाही काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायची ताकद उरलेली नाही. मी महिनोन् महिने जे गिळत बसले होते ते ह्यांनी कधीच ऐकलं होतं, आणि ऐकूनही रोज माझ्याशी गॅसवरून भांडत होते.