चुकलेल्या खेळीची शिक्षा

आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी खोक्यातून लोकांच्या तोंडांचे ठसे येतात. कुणाच्या ठशाला अजून लाळेचा वास असतो, कुणाच्या ठशात सकाळच्या नाश्त्याचा कण अडकलेला असतो. ते धुवायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात दात रचायचे आणि कवळी करून दवाखान्यात परत पाठवायची, हे आमचं काम. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हे काम पंचवीस वर्षं करत आले. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण दातांत जन्म गेला म्हणून सगळे त्यांना दातारच म्हणायचे. दुसऱ्याच्या तोंडातली घाण हातात घेताना त्यांनी कधी नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही. त्यांना किळस यायची ती डाव अर्ध्यात सोडून पळणाऱ्यांची.

डाव म्हणजे त्यांचा तो फोनवरचा खेळ. नकाशावर साठ-सत्तर बेटं, दहा खेळाडू, प्रत्येकाचं आरमार. रोज प्रत्येकाने एक खेळी पाठवायची, दुपारी एकच्या आत. एकला सगळ्यांच्या खेळ्या एकदम उघडायच्या आणि मग कुणाचं बेट गेलं, कुणी तह मोडला ते कळायचं. एक डाव पाच-पाच महिने चाले. दातार त्या गटाचे पंच होते आणि स्वतः खेळतही असत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या बोटांनी ते खेळी पाठवायचे. अकरा वर्षांत त्यांची एकही खेळी चुकली नव्हती. वहिनींचं ऑपरेशन होतं त्या दिवशीही नाही. वहिनी हे सगळ्यांना हसत सांगायच्या, पण ते हसू काही फार गोड नसायचं.

मागे एकदा एक डाव नासला. एक खेळाडू दोन बेटं हरला आणि गप्प झाला. निरोप नाही, खेळी नाही. त्याचं आरमार नुसतं उभं, आणि त्याच्या शेजाऱ्याने त्याची सगळी बेटं फुकटात गिळून डाव जिंकला. त्या दिवशी दातारांनी डबा तसाच बंद केला.

"हरायला आलं की बरोबर ह्यांच्या घरचं नेट जातं," ते मला म्हणाले. "नऊ माणसांनी पाच महिने डोकं झिजवलं, आणि ह्या एका पळपुट्याने त्यावर थुंकून ठेवलं. शिक्षाच पाहिजे."

"अहो, खरंच एखाद्याला अडचण आली असेल तर?"

"ताई, एक ओळ लिहायला काय जातं? 'उद्या जमणार नाही.' संपलं. तेवढंही ज्याला होत नाही, त्याची कसली कीव करायची?"

खोटं तर ते बोलत नव्हते.

मग त्यांनी नियम लिहिला. आधी गटात कळवलं तर सूट. न कळवता एक खेळी चुकली की एक बेट जप्त, कारण विचारायचं नाही. लागोपाठ दुसरी चुकली की खेळाडू बाहेर, त्याची बेटं शेजाऱ्यांत वाटायची, आणि त्याचं नाव सहा महिने खेळाच्या पानावर 'पळपुटे' अशा यादीत सगळ्यांना दिसेल असं लावायचं. मतदान झालं. नऊ जण बाजूने, एक जण विरुद्ध. विरुद्ध मत होतं 'भूगोल'चं. भूगोल म्हणजे दुसऱ्या गावातल्या एका शाळेतली भूगोलाची बाई. चार वर्षं दातारांची आणि तिची नकाशावर युती होती, पण दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, "न येणाऱ्याला पुढच्या डावाला बोलावू नका, त्याच्या जागी राखीव माणूस बसवा. पण शिक्षा ठेवलीत तर लोक शिक्षेवरच डोळा ठेवतील." दातारांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "शाळेत रोज उशिरा येणाऱ्या पोरांना सोडत असेल, दुसरं काय."

पहिले दोन महिने नियम औषधासारखा लागू पडला. सगळे वेळेवर. दातार खुशीत. पण पुढे पुढे त्यांच्या फोनवर एकला पाच मिनिटं कमी असताना भलतेच निरोप यायला लागले. "अजून दोघं बाकी." "एक तरी चुकू दे रे बाबा." "मला त्याचं उत्तरेचं बेट हवंय, आधीच सांगून ठेवतो." यात पुढे होता 'सरदार' नावाचा खेळाडू. गोड बोलणारा, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारणारा. मी म्हटलं, "ही माणसं खेळतायत की कुणी मरायची वाट बघतायत?" दातार नुसतं "हूं" म्हणाले आणि मेणाची सुरी तापवायला लागले.

एका सोमवारी भूगोलची खेळी आली नाही.

ती तेव्हा सगळ्यांत पुढे होती, आठ बेटं. दातारांनी तिचं एक बेट जप्त केलं आणि तिला निरोप धाडला. उत्तर नाही. मंगळवारी बारापासून ते दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. एक वाजला. त्यांनी बटण दाबलं. भूगोल बाहेर. तिची बेटं वाटली गेली. सरदारला चार, आणखी एकाला दोन, आणि एक बेट शेजारी म्हणून खुद्द दातारांना. लगेच गटात चेकाळलेल्यांची गर्दी झाली. कुणी गिधाडांची चित्रं टाकली. कुणी लिहिलं, "बाई शाळेच्या सहलीला गेल्या वाटतं." यादीत तिचं नाव लागलं.

"नियम म्हणजे नियम," दातार मला म्हणाले आणि चवीने जेवले.

शनिवारी तिचं पत्र आलं. दातारांनी ते दोनदा वाचलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला. रविवारी तिची सासू न्हाणीघरात पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. नवरा परगावी. ही एकटी हॉस्पिटलमध्ये, वॉर्डात फोन बंद. रविवारीच तिने सरदारला कळवलं होतं. 'तुम्ही माझ्या बाजूचे आणि वर पंच,' असं तिने दातारांना लिहिलं होतं. 'तुमच्याकडून सूट घेतली असती तर लोक बोलले असते. म्हणून विरुद्ध बाजूच्या माणसाला गटात सांगायला सांगितलं.' सोबत सरदारच्या उत्तराचं चित्र होतं. "कळवलंय. चार दिवसांची सूट मिळाली. खेळाची काळजी सोडा, सासूबाईंना बघा."

सरदारने कुणाला काही कळवलेलं नव्हतं.

मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. दातारांनी ते चित्र गटात टाकलं आणि लिहिलं, सरदारला बाहेर काढा आणि भूगोलची बेटं परत करा.

पाचच मिनिटांत सरदारचं उत्तर आलं. "हा डावपेचांचा खेळ आहे. खोटं बोलणं चालतं. तुम्ही स्वतः तीन तह मोडलेत, पंच."

"तह नकाशावरचे होते," दातारांनी लिहिलं. "तिची सासू नकाशावर नाही."

"नियमात कुठे लिहिलंय तसं? नियम तुमचाच आहे. खेळी चुकली की शिक्षा. कारण विचारायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

बाकीचे काय बोलतात याची दातार वाट बघत राहिले. एकाने लिहिलं, वाईट झालं, पण आता बेटं परत कशी घेणार, चार खेळ्या पुढे गेल्या. दुसऱ्याने लिहिलं, सासूबाईंना आराम पडो, आणि लगेच खाली, माझी दोन बेटं मात्र मी देणार नाही. मत घेतलं. सात विरुद्ध दोन. ज्यांना तिच्या बेटाचा एक दगडही मिळाला नव्हता, त्यांनीसुद्धा सरदारच्या बाजूने हात वर केला.

दातार उठले, मोरीपाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

"ताई," परत येऊन ते म्हणाले, "सरदार नीच आहे. त्याचं मला नवल नाही. पण मंगळवारी बटण दाबताना मला बरं वाटलं होतं. चार वर्षांची सोबतीण, आणि मला बरं वाटलं. ते एक बेट आलं ना, तेव्हा मी मनात म्हटलं, चला, बंदर मिळालं."

मी त्यांच्याकडे न बघता मेणात दात बसवत राहिले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्यांचीही शिसारी आली होती.

पंचपद त्यांनी त्याच दिवशी सोडलं. डाव मात्र सोडता येईना. सोडला तर पळपुटे ठरणार. पुढचे दीड महिने ते रोज एकच्या आत त्याच माणसांसोबत खेळी पाठवत राहिले, तोंडात कडू औषध धरून बसल्यासारखे. सगळं आरमार सरदारवर सोडलं आणि हरले. सरदार जिंकला, नवा पंचही तोच झाला. गटात अभिनंदनाचा पाऊस पडला. दातारांनी गट सोडला.

मग त्यांनी चार माणसं जमवून वेगळा डाव मांडला. कुणी आला नाही तर डाव एक दिवस थांबेल, शिक्षा नाही. तिसऱ्याच आठवड्यात त्यातल्या एकाला हरताना दर वेळी काहीतरी अडचण यायला लागली. दातार दातओठ खात थांबायचे. "हाही तसलाच," म्हणायचे. "शिक्षा ठेवली की लांडगे जमतात. काढली की हे असले कामचुकार. माणसंच घाण आहेत हो." तो डाव पुरा झालाच नाही.

भूगोलला त्यांनी माफीचं पत्र पाठवलं होतं. उत्तर म्हणून तिने एकच मागितलं, यादीतून नाव काढा, माझे विद्यार्थीही तो खेळ खेळतात. आता ते दातारांच्या हातात नव्हतं. ज्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नव्हती, त्या सरदारला त्यांनी दोनदा विनंती केली. त्याने लिहिलं, "सहा महिने म्हणजे सहा महिने." पुढे हसणारा चेहरा.

शेवटी त्यांनी तिला फोन केला, पहिल्यांदाच, प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून. मी डबा घेऊन बाजूलाच बसले होते. नाव निघत नाही असं त्यांनी सांगितलं. पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. ती म्हणाली, "सोडा हो. सासूबाई काठी धरून चालायला लागल्या, आणि तुम्ही अजून त्या यादीपाशीच उभे? पोरांनी नाव बघितलं वर्गात, मीच त्यांना सगळी गोष्ट सांगितली. आता पोरं सरदारला शिव्या देतात."

दातारांनी फोन खिशात टाकला.

"हसली ती," ते म्हणाले. "तिला हसू येतं. मला कसं येत नाही?"

मी त्यांना डब्यातलं अर्धं दिलं. त्यांनी एक घास घेतला आणि बाकीचं तसंच ठेवून ते सकाळचे ठसे धुवायला गेले.